मागं कोणी नाही

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत.

मी रेणू. गोंदियाला लागून कुडवा आहे, तिथं माझं आणि माझ्या नवऱ्याचं जनरल स्टोर आहे. दिवसभर साबण, वह्या, बिस्किटं आणि गिऱ्हाइकांची कटकट. रचायचीच असती तर मी अमावस्येची रात्र रचली असती. पडकी विहीर तरी रचली असती. हे तर सकाळी घडलं. गेल्या महिन्यातला, म्हणजे डिसेंबरातला रविवार होता. इटियाडोह धरणाच्या अलीकडं एक झुडपी पहाडी आहे, तिथं. सूर्य उगवला होता, पण धुक्यात तो कुठं आहे ते दिसत नव्हतं.

ज्यांना कमेंटमध्ये 'फेक' लिहायचं आहे त्यांनी बिनधास्त लिहा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आजही दुकानासमोरून एखादी जुनी सायकल गेली...

की माझा हात वजनकाट्यावर तसाच थांबतो.

आम्ही तिघं दर रविवारी डोंगरातली सायकल चालवतो. मी, माझा धाकटा भाऊ इंद्रकुमार आणि कामठ्याचे खुशाल सर. मला डॉक्टरनं शुगर सांगितली म्हणून मी सुरू केलं. सर शाळेतून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून त्यांनी. इंदरचं मात्र वेड आहे, शुद्ध वेड. राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे, पगारातला अर्धा पैसा त्या जाड टायरच्या सायकलवर उडवतो आणि लग्नाचं विचारलं की म्हणतो, "ताई, आधी गिअर बदलू दे."

बाबा गेले तेव्हा तो लहान होता. त्याला सायकलच्या डंड्यावर बसवून शाळेत सोडायची ती मीच. त्यामुळं आमची आई, सुशिलाबाई, अजूनही त्याचा हिशोब मलाच मागते. रविवारी आम्ही तिच्या घरून निघालो की ती फाटकात उभी राहून एकच वाक्य म्हणते.

"दोघं जाता, दोघं या."

मागच्या वर्षी इंदर सातपुड्यातल्या मोठ्या पहाडी राईडला गेला होता. चढावर त्याचे पाय गेले. आयोजकांची गाडी सगळ्यात मागून येते आणि थकलेल्यांना उचलते, त्या गाडीत बसून परत आला. घरी दोन दिवस सायकलला हात लावला नाही. मिलमधली पोरं चिडवत, "काय इंदरभाऊ, गाडी बरी होती का?" हा हसायचा, पण त्याचं तोंड मला दिसायचं. त्यानं ठरवलं की या जानेवारीत ती राईड पुरी करायचीच. आणि मी ठरवलं की त्याला तयार करायचं.

तयारी म्हणजे काय? सोप्यापासून सुरू करून दर रविवारी थोडा अवघड रस्ता.

आधी कामठ्याकडचे पांदण रस्ते. सपाट, मऊ माती, पडलं तरी धानाच्या तणसावर पडायचं. मग धान कापलेल्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, धुऱ्यांवरून, वीतभर जागेत तोल सांभाळत. मग धरणातून येणाऱ्या नहरेच्या काठानं लांब. शेवटी पहाडी, सैल गिट्टी, मुळं, उतार. ट्रेल निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं आहे, नुसत्या फोटोवर जाऊ नये. मोबाईलच्या नकाशावर रेघ छान दिसते. पण जवळ गाव आहे का, कुठं निघायला वाट आहे का, अस्वलाचा माग आहे का, हे सगळं पाहावं लागतं. वाघाच्या जंगलात आम्ही जात नाही. फुकटचा शहाणपणा कोणाला पाहिजे?

ही पहाडी खुशाल सरांनी शोधली. एका बाजूनं लांब चढ, डोक्यावर मोठं मोहाचं झाड आणि तिथं एकच फाटा. डावीकडं गेलं की नहरेला उतार, उजवीकडं गेलं की जंगलात खोल. सर दसऱ्यानंतर एकटे जाऊन पाहून आले होते. म्हणाले, "रेणू, याच्यावर इंदर मोकळा चढला तं सातपुडा काहीच नाही."

आता आमचा नियम सांगते. तो समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

सर पुढं असतात. इंदर मधात. मी सगळ्यात मागं, कारण पंप, पट्ट्या, दवापाणी माझ्याकडं आणि दमही माझाच कमी. मला ते 'शेपटी' म्हणतात. फाटा आला की सर निघून जातात, पण इंदर तिथं थांबतो. शेपटी येईपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही. मी पोचले की तो विचारतो, "मागं कोणी?" मी म्हणते, "मागं कोणी नाही. चाल!" मग तो सुटतो आणि जोर लावून सरांना गाठतो. तेवढीच त्याची प्रॅक्टिस.

हा नियम आम्ही इंटरनेटवरून नाही उचलला. सरांच्या आज्याचा आहे. त्या काळी इकडचे लोक पहाटे टोळीनं सायकलीवर माल लादून बाजाराला जायचे. धुक्यात कोणी चुकू नये म्हणून फाट्यावर एक माणूस उभा करायचे. मागचा आला, त्यानं 'चाल' म्हटलं, की तो सुटला.

चांगला नियम आहे. मला फार आवडायचा.

त्या दिवशी आम्ही अंधारातच गोंदिया सोडलं. सरांच्या गाडीवर तीन सायकली बांधल्या. आई फाटकात उभी, शाल पांघरून.

"दोघं जाता, दोघं या."

"आई, सर पण आहेत," इंदर म्हणाला.

"त्यायचं त्यायची बायको पाहील," आई म्हणाली. आम्ही हसलो.

पायथ्याशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बांध्यांमध्ये धानाचे उंच रचलेले पुंजणे उभे होते, पण अर्धेच दिसत होते. धुकं असं की पुढचं चाक दिसे आणि त्याच्या पुढचं नाही. सरांनी विचारलं, थांबायचं का. मी हो म्हणणार होते. इंदर म्हणाला, "सातपुड्यात धुकं नसते का? हे तं सोन्यासारखं झालं." आणि हेल्मेट घातलं.

मीच म्हणाले, "चला बाप्पा."

अस्वलासाठी आम्ही वळणावर घंटी वाजवतो. सरांची घंटी गेली, मग इंदरची. ट्रिंग... ट्रिंग... हळूहळू लांब. मग ऐकू येईनाशी झाली. मी माझ्या चालीनं चढत होते. वाट अरुंद होती, दोन्हीकडं काटेरी झुडपं, एक सायकल जाईल एवढीच जागा. ओल्या गिट्टीवर मागचं चाक घसरत होतं. मान खाली, डोळे दगडांवर. चढावर असंच करावं लागतं.

मग एकदम पाखरं बंद झाली.

मला वाटलं, माझ्याच धापेत ऐकू येत नाहीये.

पुढं उजव्या हाताला कोणी तरी उभं होतं...

सायकलवर. एक पाय दगडावर टेकवलेला. एक हात लांब करून वाट दाखवत. अगदी आमचा इंदर उभा राहतो तसा.

मला वाटलं, आला फाटा. एवढ्या लवकर? बरं झालं बाई, चढ संपला. मी मान वर केली नाही. दम कुठं होता? मला फक्त त्याचा हात, दगडावरचा पाय आणि पुढचं चाक दिसलं.

"मांगं कोनी आहे का?" त्यानं विचारलं.

आवाज बसलेला होता. मला वाटलं, थंडीनं बसला.

"मागं कोणी नाही," मी म्हणाले. "चाल!"

सवयीनं म्हणाले. दर रविवारी म्हणते तसंच.

आणि तो...

त्यानं श्वास सोडला.

मी कशी सांगू? लग्नात दिवसभर राबलेली बाई रात्री शेवटी जमिनीवर टेकते, तेव्हा तिच्या तोंडून निघतो तसा. लांब. संपेचना. मग हळूच म्हणाला, "मंग जातो, बाई."

इंदर मला बाई म्हणत नाही.

हे डोक्यात शिरेपर्यंत मी पुढं गेले होते. मग बाकीचं एकेक आठवायला लागलं. त्या पुढच्या चाकाचं टायर बारीक होतं. दगडावर टेकवलेल्या पायात बूट नव्हता. चप्पलही नव्हती.

मी स्वतःलाच समजावलं. गावातला असेल कोणी. बाजाराला निघाला असेल. वेडे, धुक्यात सगळेच एकसारखे दिसतात.

तेवढ्यात मागून आवाज आला.

टिक... टिक... टिक... टिक...

सायकलच्या फ्रीव्हीलचा. पायडल मारणं थांबवलं की मागचं चाक वाजतं ना, तसा. मी म्हटलं, येऊन राहिला बिचारा, त्याला वाट देऊ. झुडपात अंग चोरून थांबले. "या भाऊ, व्हा पुढं."

आवाज थांबला.

कोणी आलं नाही.

मी परत पायडल मारलं. परत टिक... टिक... टिक...

आणि मग माझ्या अंगावर काटा आला. कारण तो चढ होता. तुम्ही कधी चढावर सायकल चालवली आहे? चढावर पायडल थांबवता येत नाही. थांबवलं की पडता. चढावर फ्रीव्हील कधीच वाजत नाही.

माझ्या मागं कोणी तरी पायडल न मारता पहाडी चढत होतं.

मी कशी वर पोचले मला माहीत नाही. देवाची सगळी नावं घेतली. ज्यांना कधी नवस बोलले नाही त्यांचीही घेतली. मोहाचं झाड दिसलं. खरा फाटा हाच होता. माझा इंदर इथं उभा पाहिजे होता.

झाडाखाली कोणी नव्हतं...

त्याची पाण्याची बाटली मुळाशी उभी ठेवलेली होती. झाकण उघडं. मातीत त्याच्या जाड टायरचा ठसा होता. तिथपर्यंत आला होता तो. तिथून पुढं त्याचा ठसा नव्हता. डावीकडं फक्त सरांचा, उजवीकडं कोणाचाच नाही.

"इंदर!" मी ओरडले. धुक्यानं आवाज गिळला.

आमच्या इंदरनं जागा सोडली नसती. ताप असला तरी सोडली नसती. मी डावा उतार घेतला आणि ब्रेक न दाबता नहरेवर आले. पाय मोडला असता, एवढं मला आज कळतं. सर एकटेच उभे होते, डबा उघडून.

"इंदर कुठं आहे?" मी विचारलं.

"तुलेच पाहून राहिला असंल फाट्यावर. काऊन?"

मी सांगितलं तेव्हा सरांचा घास हातातच राहिला. मग सायकली हातानं ढकलत परत वर. घंट्या वाजवत. हाका मारत. मोहाशी पोचलो. बाटली तशीच होती. सर म्हणाले, "उजवीकडं पाहू."

तेव्हाच घंटी ऐकू आली.

ट्रिंग...

इंदरची घंटी. मी हजार घंट्यांत ओळखीन.

ती उजवीकडून आली नाही. डावीकडूनही नाही. मी ज्या वाटेनं चढून आले होते, त्या वाटेवरून आली. खालून.

म्हणजे तो मला ओलांडून खाली गेला होता? त्या वाटेवर? जिथं एका सायकलीपुरतीच जागा होती?

आम्ही खाली उतरलो. आणि तो दिसला.

त्याच जागेवर.

एक पाय दगडावर. एक हात लांब करून वाट दाखवत. तोंड मी आले होते त्या बाजूला. तिथं एक जुनी बैलबंडीची वाट झुडपांत बुजून गेली होती, ती मला चढताना दिसलीच नव्हती. नकाशावरही नव्हती. पण कधी काळी तिथं फाटा होता.

"इंदर! मूर्खा, जीव घेशील माझा!" मी धावले.

आणि थांबले.

त्याच्या हँडलपासून बाजूच्या झुडपापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. दवानं भरलेलं, पूर्ण विणलेलं. एका रात्रीशिवाय तसं जाळं होत नाही. त्याचे कपडे चिंब ओले होते. ओठ निळे.

"शेपटी नाही आली अजून," तो म्हणाला.

"अरे मीच शेपटी! मागं कोणी नाही. चाल!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या भावानं. ज्याला मी डंड्यावर बसवून शाळेत सोडलं, त्यानं. रस्त्यातल्या परक्या बाईकडं पाहावं तसं पाहिलं.

"तुमी जा, बाई," तो म्हणाला. "मी थांबतो."

सरांनी त्याला खांद्याला धरून ओढलं. हलला नाही. मी त्याची बोटं हँडलवरून सोडवायला गेले. थंडगार आणि घट्ट. मी रडायला लागले. शिव्याही देत होते, रडतही होते.

आणि माझ्या पाठीमागं...

टिक... टिक... टिक...

ते माझ्याभोवती हळूहळू फिरत होतं. एखाद्याला घरी जायची घाई आहे आणि सोबतीण निघत नाही म्हणून तो चकरा मारतो, तसं.

"कोन बोललं त्याच्यासंगं?"

मी किंचाळलेच. पण ही जिवंत होती. डोक्यावर काड्यांची मोळी, हातात कोयता, अंगात पुरुषाचं स्वेटर. खालच्या गावातली रुख्माबाई, हे नाव आम्हाला नंतर कळलं. ती झुडपांतून आली होती आणि इंदरकडं न पाहता आमच्याकडं पाहत होती.

"मी बोलले, माय," मी म्हणाले. "मला वाटलं माझा भाऊ आहे. त्यानं विचारलं, मागं कोणी आहे का. मी म्हटलं, नाही. चाल म्हटलं."

"कायले म्हटलं?" ती ओरडली. "आमाले दिसते तरी आमी पाहत नाही. मोळी घेऊन सीधं जातो. पुसलं तरी उत्तर देत नाही. उत्तर देलं का तो सुटते. अन् हा फाटा खाली राहत नाही, बाई. याले मानूस पायजे."

"कोण आहे तो?" सरांनी विचारलं.

"कोनाले मालूम? माह्या सासूच्याही आधीची गोष्ट. बाजाराले सायकली जायच्या. असंच धुकं होतं मनते. त्याले इथं उभा केला, मांगचा येईपर्यंत. मांगचा आलाच नाही. अन् पुढच्यायनं काही मांगं वळून पाहिलं नाही." तिनं डोक्यावरची मोळी सावरली. "चांगला होता मनते. उभा राय म्हटलं तं उभा राहिला."

 मला दिसलं, खुशाल सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या आज्याचीही अशीच टोळी होती. कोणती, कुठली, ते मी आजवर विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"आता काय करू, माय?"

"मी काय सांगू? तू चाल म्हटलं. आता तूच थांब मन."

बस. एवढं बोलून ती गेली. मागं वळून पाहिलंही नाही. तिचे पाय वाजत खाली गेले.

मी उभी राहिले. टिक टिक माझ्याभोवती फिरत होती. मला त्याचा तो श्वास आठवला. मंग जातो, बाई. किती वर्षांनी कोणी त्याला म्हटलं होतं, की झालं बापा, आता जा. आणि ते म्हणणारी मी होते. मला त्याची दया आली. अशा वेळीसुद्धा आली, खोटं कशाला बोलू?

मग मी इंदरच्या निळ्या ओठांकडं पाहिलं. आईचं वाक्य आठवलं.

मी धुक्याकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले,

"भाऊ, थांबा. मी चुकीचं सांगितलं. मागं अजून कोणी आहे."

टिक टिक बंद झाली.

किती तरी वेळ काहीच नाही. पाखरं नाहीत, वारा नाही. झुडपावरून थेंब पडायचे तेही जणू थांबले होते.

मग माझ्या अगदी कानाशी, थकलेला, बसलेला आवाज.

"बरं."

भांडला नाही. काऊन म्हणूनही विचारलं नाही. नुसतं 'बरं'.

इंदर सायकलसकट खाली कोसळला. जाळं तुटलं. आम्ही त्याला उचललं, सायकली तिथंच टाकल्या आणि उताराला लागलो. मी वळून पाहिलं नाही. रुख्माबाईनं पाहिलं नाही, मग मी कोण शहाणी?

संध्याकाळी घरी आलो. आईनं फाटक उघडलं. आधी मला पाहिलं, मग इंदरला, आणि म्हणाली, "आले दोघं." मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

इंदरला ताप आला आणि गेला. त्याला फार आठवत नाही. तो म्हणतो, मी मोहाखाली उभा राहून पाणी पिऊन राहिलो होतो. काळ्या सायकलवर एक माणूस आला. फार खुश होता. म्हणाला, "बाबू, माह्या जागेवर जरा उभा राय. मी घरी जाऊन येतो." इंदरनं हो म्हटलं. आपल्याकडं कोणी एवढंसं काम सांगितलं तर नाही कोण म्हणते?

इथपर्यंत सगळं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

सायकली सरांनी गावातल्या माणसाकडून मागवून घेतल्या. मी म्हटलं, विकून टाका. इंदर ऐकेल तर शपथ. "ताई, परत गाडीत बसून येऊ का?" म्हणाला. त्याला परत तसं बसलेलं पाहायची माझी तयारी नव्हती. मग जानेवारी लागल्यावर आम्ही दोघांनीच परत अगदी सोप्यापासून सुरुवात केली. कामठ्याकडचा पांदण रस्ता. सपाट, मऊ माती. चांगलं ऊन पडलेलं. बाया शेतात लाखोरीचं पीक उपटत होत्या. भीतीचं नाव नाही.

फाट्यावर इंदर उभा होता. मी पोचले.

"मागं कोणी?" त्यानं विचारलं. हसून.

मी तोंड उघडलं. आणि मागून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

हा टिकटिकचा आवाज नव्हता. हा वेगळा होता. जड. कॅरिअरवर पोतं लादलेली सायकल कोणी दमानं, एकेक पायडल मारत आणतं, तसा. फार लांब होता. पण येत होता.

मी वळून पाहिलं. पांदण सरळ दिसत होती, शेवटपर्यंत. रिकामी. उन्हात पिवळी माती आणि आमच्याच टायरच्या रेघा.

कर्र... कर्र...

त्या पहाडीवर मी खोटं बोलले होते. मागं कोणी नव्हतं.

आता आहे.

ज्याच्यासाठी तो माणूस इतकी वर्षं उभा आहे, तो मागचा शेवटी निघाला असेल का? मीच त्याला बोलावलं का? मला माहीत नाही. मी इंदरला काहीच उत्तर दिलं नाही. त्याचा हात धरून दोघंही सायकली घेऊन पायी घरी आलो. तो विचारत राहिला, "ताई, झालं काय?"

मग एका रविवारी मी पुढं जाऊन पाहिलं. म्हटलं, शेपटीच नको आपल्याला. मी पुढं, इंदर मागं. थोडं पुढं गेले आणि कान दिला. आवाज होताच.

फक्त तो इंदरच्या मागून येत होता.

त्यानंतर मी पुढं गेले नाही. मीच मागं राहते.

सातपुड्याची राईड येत्या रविवारी आहे. इंदर बॅग भरून बसला आहे. मी नको म्हटलं, हात जोडले. आईनं सांगून पाहिलं. म्हणतो, एकदा पुरी करू दे, मग तू म्हणशील तसं. मी सोबत नाव दिलं आहे. त्याच्या मागं मी असणार.

तिथं किती फाटे आहेत मला माहीत नाही. पहिल्या फाट्यावर तो पाय टेकवून उभा राहील आणि मला विचारेल, मागं कोणी?

नाही म्हटलं तर ते खोटं होईल, आणि एकदा खोटं बोलून मी पाहिलं आहे. आहे म्हटलं तर माझा भाऊ तिथंच थांबेल. तो नियम मोडत नाही.

इथं पुष्कळ जाणते लोक आहेत. मी त्याला काय सांगू, ते रविवारच्या आत कोणी तरी लिहा.